बॅबिलॉन ५, 'द फॉल ऑफ नाइट': अक्षावरून उडी मारलेला शेरीडन खाली का येतो?

निळी_चौकट (प्रश्न)

'बॅबिलॉन ५' या विज्ञानकथा मालिकेच्या दुसऱ्या मोसमाचा शेवटचा, म्हणजे २२वा भाग (१९९५). ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पुढे वाचू नका, सगळा शेवट इथे आहे.

प्रसंग सगळ्यांना आठवत असेल. स्वतःभोवती फिरणाऱ्या, नळकांड्यासारख्या अवकाश स्थानकाच्या मधोमध, अक्षाच्या जवळून धावणाऱ्या कोअर शटलमध्ये स्थानकाचा प्रमुख शेरीडन असतो. बॉम्ब दिसतो, तो दार उघडून बाहेर झेपावतो, मागे डबा फुटतो. मग तो नळकांड्याच्या आतल्या भिंतीवरच्या बागेच्या दिशेने संथपणे खाली येऊ लागतो आणि खालचे लोक माना वर करून बघत राहतात. तेव्हा संवादात सांगितलं जातं की मध्यभागी गुरुत्व नाही, पण जमीन ताशी साठ मैलांनी फिरते आहे, आपटला की संपला. आणि मग कोश (व्होरलॉन वंशाचा राजदूत) आपलं कवच उघडून वर झेपावतो.

माझे प्रश्न:

अक्षावर वजन शून्य असेल तर तो तिथेच तरंगत का राहत नाही? त्याला खाली ओढतं कोण?

ताशी साठ मैल हा आकडा स्थानकाच्या आकाराशी जुळतो का?

खाली पोहोचायला किती वेळ लागेल, आणि कोश आलाच नसता तर वाचण्याची काही शक्यता होती का?

मी स्प्रेडशीटमध्ये करून पाहिलं. बागेची त्रिज्या ४२० मीटर आणि जमिनीवर पूर्ण १ जी (पृथ्वीइतकं वजन) धरलं. उडी अक्षापासून २० मीटरवरून, बाहेरच्या दिशेने ३ मीटर प्रतिसेकंद. हवा धरली नाही. उत्तर आलं २० सेकंद, आणि आपटण्याचा वेग ६४ मीटर प्रतिसेकंद, सरळ खाली. पण पडद्यावर तर तो तरंगत येतोय असं वाटतं, म्हणून शंका आली.

---

अक्षबिंदू

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: त्याला कोणीही ओढत नाही. फिरत्या स्थानकात गुरुत्व नावाची गोष्ट नसतेच. पायाखालची जमीन तुम्हाला सतत वर्तुळात वळवत असते आणि तो दाब आपल्याला वजन वाटतो. जमिनीचा हात सुटला की वजनही सुटलं.

पण "वजन नाही" म्हणजे "वेग नाही" असं नाही. इथेच घोळ होतो. शटल अक्षापासून २० मीटरवर असेल तर ते स्थानकाबरोबर फिरतंय. तुमच्याच आकड्यांनी स्थानकाची एक फेरी ४१ सेकंदांची होते, म्हणजे शटल आणि शेरीडन दोघेही स्पर्शरेषेच्या दिशेने साधारण ३ मीटर प्रतिसेकंदांनी सरकत आहेत. उडी मारताक्षणी हा वेग त्याच्याकडे शिल्लक राहतो, त्यात उडीचा वेग मिळतो, आणि पुढे तो सरळ रेषेत जात राहतो. बंद नळकांड्यात सरळ रेषेत जाणारी वस्तू कधी ना कधी भिंतीला लागणारच. तरंगत राहायचं असेल तर बाहेरून पाहता वेग अगदी शून्य हवा, आणि तो फक्त बरोबर अक्षावर, धक्का न लागता सुटणाऱ्या माणसालाच मिळेल. शेरीडनच्या पाठीमागे तर स्फोट झालाय.

आता संवादाचं कौतुक करायला हवं. "इतक्या उंचीवरून पडेल" असं कोणी म्हणत नाही, "जमीन फिरते आहे" असं म्हणतात. बरोबर हेच आहे. बाहेरून पाहिलं तर शेरीडन चारेक मीटर प्रतिसेकंदांनी, म्हणजे जॉगिंग करणाऱ्याच्या वेगाने भिंतीकडे येतोय. धोका त्याच्या वेगात नाही, खालून आडव्या येणाऱ्या जमिनीत आहे. बागेत उभं राहून बघणाऱ्याला मात्र उलट दिसेल: हा माणूस फिरण्याच्या विरुद्ध दिशेला गरगर चकरा मारत, हळूहळू मोठ्या होणाऱ्या सर्पिल वाटेने खाली येतोय.

तुमच्या स्प्रेडशीटचं बोलायचं तर, तुम्ही फिरत्या चौकटीत (स्थानकाबरोबर फिरणाऱ्याच्या नजरेने) हिशेब मांडलाय, केंद्रोत्सारी, म्हणजे बाहेर फेकणारं बल घेतलंय आणि कोरिऑलिस, म्हणजे हलणाऱ्या वस्तूला बाजूला वळवणारा परिणाम सोडलाय. म्हणून माणूस सरळ खाली धावला. कोरिऑलिस घातलात की वेळ २० सेकंदांवरून ९५ सेकंदांवर जाईल. गंमत म्हणजे ६४ हा आकडा तसाच राहील, कारण कोरिऑलिस वस्तूला वळवतो, तिचा वेग वाढवत किंवा कमी करत नाही. फक्त "सरळ खाली" हे चुकलं: खाली ४ आणि आडवे ६४, असं ते आहे.

साठ मैलांचं गणित: गुरुत्व = परिघाच्या वेगाचा वर्ग ÷ त्रिज्या. ताशी ६० मैल म्हणजे २६.८ मीटर प्रतिसेकंद, त्याचा वर्ग साधारण ७१८.

बागेत पूर्ण १ जी हवं असेल तर त्रिज्या ७३ मीटर येते. पडद्यावर दिसणारी बाग त्याहून कितीतरी मोठी आहे.
त्रिज्या ४२० मीटर धरली तर जमिनीवर ०.१७ जी येतं, जवळजवळ चंद्राइतकं. लोक तिथे साधे चालताना दिसतात, तेव्हा हेही पटत नाही.
१ जी आणि ४२० मीटर दोन्ही हवं असेल तर जमीन ताशी १४४ मैलांनी फिरायला हवी.

दुसऱ्या मोसमाच्या सुरुवातीच्या निवेदनात स्थानकाची लांबी पाच मैल सांगितली आहे. तेवढ्या लांबीला ७३ मीटर त्रिज्या म्हणजे नळकांडं नाही, पाइप झाला. म्हणून माझं मत: वाक्याचा आशय अचूक, आकडा कमी.

---

वातावरण

अक्षबिंदूंचं सगळं बरोबर, पण निर्वातात. बागेत झाडं आहेत, माणसं श्वास घेतात. तिथे हवा आहे आणि ती हवाही स्थानकाबरोबर फिरते. तिने सगळं चित्र बदलतं.

हात-पाय पसरून पडणाऱ्या माणसाचा पृथ्वीवरचा अंतिम वेग साधारण ५५ मीटर प्रतिसेकंद असतो. त्यावरून हवेच्या रोधाचा गुणांक निघतो: ९.८१ ÷ ५५ चा वर्ग = सुमारे ०.००३२ प्रतिमीटर. उलटं करा, ३०८ मीटर. म्हणजे तीनशेक मीटर हवा कापली की तिचा परिणाम ठळक व्हायलाच हवा, आणि इथे वाट त्याहून लांब आहे.

निळी_चौकट यांचेच आकडे (४२० मीटर, १ जी, २० मीटरवरून ३ चा धक्का) घेऊन हवेसकट हिशेब केला. ढोबळ पायऱ्यांनी केलाय, एखाद-दुसरा आकडा इकडेतिकडे होईल:

पहिली १० सेकंदं हवा जवळजवळ काही करत नाही. तो अक्षापासून ५९ मीटरवर पोहोचतो, बाहेर जाण्याचा वेग ४ च्या आत.
३० व्या सेकंदाला १३१ मीटरवर. आता त्याच्या अंगावर १३ मीटर प्रतिसेकंदांचा आडवा वारा आहे आणि तो वारा त्याला स्थानकाच्या फिरण्यात ओढून घेतोय.
५० व्या सेकंदाला २६४ मीटरवर, बाहेर जाण्याचा वेग १० वर गेलेला.
६२ व्या सेकंदाच्या आसपास जमीन. खाली १७, आडवे ३०, एकूण साधारण ३४ मीटर प्रतिसेकंद.

निर्वातात ९५ सेकंदं आणि ६४. हवेत ६२ सेकंदं आणि ३४. म्हणजे हवा त्याला लवकर खाली आणते आणि कमी जोरात आपटवते. पृथ्वीवरच्या सवयीने हे उफराटं वाटतं. कारण असं, की हवा त्याला फिरायला लावते, फिरायला लागला की तो बाहेर फेकला जातो, म्हणून लवकर पोहोचतो. आणि फिरायला लागल्यामुळेच जमिनीच्या आणि त्याच्या वेगातला फरक कमी होतो, म्हणून मार कमी.

आता साठ मैलांकडे पुन्हा बघा. हवेत आपटण्याचा वेग परिघाच्या वेगाच्या निम्म्याहून थोडा जास्त, साधारण ५३ टक्के येतो. आपटण्याचा वेग ताशी ६० मैल हवा असेल तर परिघाचा वेग सुमारे ५० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ४२० मीटर त्रिज्येला ०.६ जी. ते अगदीच अशक्य नाही. वाक्यात "जमीन साठने फिरते" ऐवजी "जमिनीला साठने आपटेल" असं असतं तर मी आकडाही मान्य केला असता.

---

निळी_चौकट

कोरिऑलिस घातला, ९५ सेकंदं आली. धन्यवाद. पण हवा घातल्यावर माझा शेरीडन जमिनीपर्यंत पोहोचतच नाही, मधेच रेंगाळतो. रोध त्याच्या वेगाच्या उलट दिशेला लावलाय, गुणांक ०.००३२ च. कुठे चुकतंय?

---

वातावरण

तुम्ही आता बाहेरच्या, न फिरणाऱ्या चौकटीत आला असाल आणि हवा स्थिर धरली असेल. स्थिर हवेत तो रेंगाळणारच. रोध त्याच्या वेगाला नाही, हवेच्या तुलनेतल्या वेगाला लावायचा.

असं मांडा. रकाने सहा: वेळ, अक्षापासूनचं अंतर, बाहेर जाण्याचा वेग, आडवा वेग, हवेचा आडवा वेग, हवेच्या तुलनेतला एकूण वेग.

हवेचा आडवा वेग = स्थानकाचा कोनीय वेग × अंतर. तुमच्या आकड्यांना कोनीय वेग ०.१५३ रेडियन प्रतिसेकंद.
फरक = त्याचा आडवा वेग वजा हवेचा आडवा वेग. हा सुरुवातीनंतर कायम उणे येईल, घाबरू नका.
एकूण सापेक्ष वेग = (बाहेर जाण्याच्या वेगाचा वर्ग + फरकाचा वर्ग) याचं वर्गमूळ.
बाहेर जाण्याच्या वेगातला बदल = आडव्या वेगाचा वर्ग ÷ अंतर, वजा गुणांक × एकूण सापेक्ष वेग × बाहेर जाण्याचा वेग.
आडव्या वेगातला बदल = उणे (बाहेर जाण्याचा वेग × आडवा वेग ÷ अंतर), वजा गुणांक × एकूण सापेक्ष वेग × फरक.

पायरी ०.१ सेकंदाची ठेवा. पहिल्या चार-पाच सेकंदांत अंतर लहान असल्यामुळे भागाकाराची पदं झपाट्याने बदलतात, तिथे एक सेकंदाची पायरी घेतली तर पुढचं सगळं बिघडतं. आणि या चौकटीत केंद्रोत्सारी किंवा कोरिऑलिस वेगळे घालू नका, ते वरच्या दोन ओळींत आलेलेच आहेत. दोनदा घालणं ही दुसरी नेहमीची चूक.

तपासणी सोपी आहे: गुणांक शून्य करा. ९५ सेकंदं आणि ६४ आलं तर मांडणी बरोबर.

---

अक्षबिंदू

हवेचा मुद्दा पूर्ण मान्य. त्यात दोन गोष्टी जोडतो.

एक, शटलचा लांबीच्या दिशेचा वेग. शटल अक्षाला समांतर धावत होतं, तो वेगही शेरीडनकडे आला. समजा १५ मीटर प्रतिसेकंद. वरच्या गुणांकाने तो वीसेक सेकंदांत निम्मा होतो, आणि आडवा वारा वाढला की आणखी भराभर मरतो. जमिनीपर्यंत येईतो नगण्य. तेव्हा तो उडी मारली त्याच्या बरोबर खाली येणार नाही, पुष्कळ पुढे येईल, पण आपटण्याच्या वेगात भर नाही.

दोन, स्फोटाचा धक्का. धक्क्याने वेळ बदलते, मार फारसा बदलत नाही. निर्वातातलंच उदाहरण घ्या: ३ ऐवजी ८ मीटर प्रतिसेकंदांनी ढकलला गेला तरी शेवटचा वेग ६४ चा ६४.६ होतो. परिघाचा वेग इतका मोठा आहे की बाकीचं त्यात बुडून जातं.

वाचण्याच्या प्रश्नाला सोपं माप म्हणजे पृथ्वीवरची उंची, हवा न धरता. ३४ मीटर प्रतिसेकंद म्हणजे ५९ मीटरवरून पडणं. ताशी ६० मैल म्हणजे ३७ मीटर, बारा मजल्यांची इमारत. यातून माणूस वाचेल असं धरून चालता येत नाही. फक्त जमीन खरोखर ताशी ६० मैलांनीच फिरत असेल आणि हवाही धरली, तर आपटणं ताशी ५० किलोमीटरच्या आसपास येतं, दहा मीटरवरून पडल्यासारखं. तेव्हा हाडं मोडतील, पण आशा आहे. त्यातही बहुतेक वेग आडवा, म्हणून मोकळं गवत लागलं तर घरंगळेल, झाड किंवा भिंत आडवी आली तर नाही.

हात-पाय पसरावेत की आवरावेत? पसरावेत. आवरून घेतलं की हवेची पकड कमी होते, तो फिरण्यात उशिरा ओढला जातो आणि निर्वाताच्या आकड्याकडे सरकतो. उशीर होतो पण मार वाढतो.

याच मालिकेत हेच भौतिक उलट बाजूने फार सुंदर वापरलंय: कोब्रा बेमधून (स्थानकाच्या परिघावरच्या तळातून) सुटणारी स्टारफ्युरी, म्हणजे छोटं लढाऊ यान. तिथे इंजिनाने ढकलावं लागत नाही. पकड सोडली की परिघाच्या वेगाने यान आपोआप स्पर्शरेषेत बाहेर निघतं. शेरीडनची उडी आणि स्टारफ्युरीचं सुटणं एकच गोष्ट आहे, एक भिंतीच्या आत, दुसरी बाहेर.

---

चार_बाय_तीन

पडद्यावरून वेळ मोजायचा मोह होतो, तो टाळा. तिथे शेरीडनचा चेहरा, खालची गर्दी, कोश, परत शेरीडन असं कापाकापीने जोडलंय. एकच क्षण दोन-तीन बाजूंनी दाखवला की सेकंदं फुगतात. स्थानकाचं फिरणंही बाहेरच्या दृश्यांवरून मोजू नका. त्रिज्या फेरीच्या वेळेच्या वर्गाने बदलते: १ जी साठी फेरी ३० सेकंदांची धरली तर २२४ मीटर, ६० सेकंदांची धरली तर ८९४. मोजण्यात दुपटीची चूक म्हणजे उत्तरात चौपट फरक.

कुठली आवृत्ती बघता यावरही बरंच अवलंबून आहे. जिवंत चित्रण पुढच्या रुंद पडद्याचा विचार करून रुंद चौकटीत केलं होतं, पण संगणकावरची दृश्यं ४:३ मध्येच तयार झाली. नंतरच्या रुंद डीव्हीडीत संगणकाची आणि मिश्रणाची दृश्यं वरून-खालून कापून ताणली. हा प्रसंग जवळजवळ सगळा मिश्रणाचा, माणूस खरा आणि बाग संगणकातली, त्यामुळे डीव्हीडीत इथे चित्र अचानक मऊ पडतं आणि वरची-खालची बाग कापली जाते. नेमकी तीच या प्रसंगात हवी आहे, कारण डोक्यावरही जमीन आहे हे तिथेच दिसतं. २०२१ मध्ये आलेल्या पुनर्संस्करणात ४:३ चौकट परत आणली आहे, तीच बघा.

---

साक्षी_कोश

आकड्यांनी एक गोष्ट अधिक स्पष्ट झाली, ती लिहिते.

कोशने शेरीडनला कधी झेलावं? वातावरण यांच्या तक्त्यात ३० व्या सेकंदाला शेरीडन आणि आजूबाजूच्या हवेतला फरक १४ च्या आत आहे, शेवटी तो ३५ च्या घरात जातो. जितकं लवकर, अक्षाच्या जितकं जवळ, तितकं झेलणं हळुवार. उशीर झाला असता तर झेलणं हाच एक धक्का ठरला असता. म्हणजे कोशला खाली वाट बघत थांबता येत नव्हतं, उंच चढावंच लागणार होतं, आणि बागेच्या मधोमध उंच चढणं म्हणजे चारही बाजूंच्या जमिनीवरून सगळ्यांना दिसणं. नळकांड्यात लपायला क्षितिज नसतं.

लेखक स्ट्राझिन्स्की यांनी ही जागा का निवडली ते इथे कळतं. व्होरलॉन आपलं रूप कवचात झाकून ठेवतात. ते उघड व्हायचं तर एखाद्या खोलीत दोघा-तिघांसमोर झालं असतं आणि गुपितच राहिलं असतं. इथे प्रत्येकाला आपापल्या श्रद्धेतलं रूप दिसतं: माणसांना देवदूतासारखं, नार्नला जी'लान, मिनबारीला व्हॅलेरिया, ड्राझीला ड्रोशाला. हजारो वर्षं व्होरलॉनांनी या सगळ्या वंशांच्या मनात काय पेरलं, ते एका उडीत बाहेर येतं. नंतर सांगितलं जातं की एकाच वेळी इतक्यांना दिसण्याचा कोशवर ताण आला.

आणि लोंडो, सेंटॉरी वंशाचा राजदूत. त्याला काय दिसलं विचारल्यावर तो म्हणतो, काहीच नाही. बाकी सगळे आनंदात असताना त्याची भूमिका करणाऱ्या पीटर जुरासिक यांच्या चेहऱ्यावर जे ओसाडपण येतं ते नीट बघा. त्याला खरोखर दिसलं नाही, की दिसलं आणि कबूल करवत नाही, यावर मतं वेगळी आहेत. मी पहिल्या बाजूची आहे. सेंटॉरींच्या वतीने त्याने सावल्यांशी (शॅडोज, व्होरलॉनांचे प्राचीन शत्रू) हातमिळवणी केली आहे, आणि शटलमध्ये बॉम्ब ठेवणाराही सेंटॉरीच आहे.

शेरीडन त्या शटलमध्ये होता कशासाठी, हेही विसरू नये. आसरा मागणाऱ्या नार्न युद्धनौकेला त्याने संरक्षण दिलं, त्यात सेंटॉरी जहाज नष्ट झालं. पृथ्वीने मात्र सेंटॉरींशी अनाक्रमणाचा करार केलेला, म्हणून त्याला जाहीर माफी मागायचा हुकूम आहे आणि तो त्याच वाटेवर आहे.

---

निळी_चौकट

मांडणी जमली. पायरी ०.१ ची केल्यावर ६० ते ६३ सेकंदांच्या मधे येतंय, वेग ३४ च्या जवळ. गुणांक ०.०३२ टाइप केला होता एकदा, तेव्हा तो पिसासारखा उतरला, तेवढं शून्य बघून टाका ज्यांना करून बघायचंय त्यांनी.

आता ०.६ जी घेऊन परत चालवतो. फक्त त्यात कोनीय वेगही बदलावा लागेल ना? ०.१५३ चा ०.११८ होतोय.

---

वातावरण

हो, ०.११८ बरोबर. आणि २० मीटरवरचा सुरुवातीचा आडवा वेगही त्याच्याबरोबर बदला, ३.०६ चा २.३७ होईल. तो जुनाच राहिला तर उडी मारतानाच शेरीडन शटलपेक्षा जोरात फिरत असेल.